डोंगरावरचं नववं घर

साखळी, १३ नोव्हेंबर १९८८

प्रभा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणून आधी तुझे आभार मानते. उघडलं नसशील तर हे आभार पाकिटातच राहतील, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. शाळेने शाल-श्रीफळ दिलं, मुलांनी गाणं म्हटलं आणि माझ्याबद्दल जी भाषणं झाली ती ऐकून मला वाटलं, ही बाई कोण बरं असावी. घरी आले तर आपल्या खोलीत दोन खाटा. तुझी खाट अजून तिथेच आहे. तिच्यावर मी कपड्यांच्या घड्या ठेवते.

लिहायचं कारण वेगळं आहे. इब्रामपूरच्या वरची रुमडवाडी तुला आठवत असेलच. पासष्ट साली आपल्या दोघींची पहिली नेमणूक त्या डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत झाली होती. मी सीमेपलीकडच्या बांद्याहून आलेली, वयाने मोठी आणि स्वभावाने कडक. तू डिचोलीची, तीस वर्षांची, सगळ्यांशी बोलणारी. पटनोंदणीसाठी आपण वाडीवर चढलो होतो. नऊ घरं, वर काजूचं रान आणि पूर्वेला सह्याद्रीची अख्खी रांग. शेवटच्या घराच्या सोप्यावर बसून आपण ताक प्यालो. तू म्हणालीस, म्हातारपणी इथं येऊन राहूया. मी म्हटलं, मग खोल्या दोन हव्यात, तू घोरतेस.

ते शेवटचं घर विकायला निघालं आहे. मालक गोकुळदास आता म्हापशाला दुकान चालवतो. आईवडील गेल्यापासून घर सात वर्षं बंद आहे. मी जाऊन पाहून आले. भिंती धड आहेत, कौलं बदलावी लागतील. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. पूर्वेच्या खोलीचं जनेल उघडलं आणि त्या खिडकीशीच मी बराच वेळ उभी राहिले.

व्यवहार जमला आहे, पण एक अडचण आहे. पाण्याची झर आणि वर चढायची वाट वाडीच्या सामाईक आहेत. खरेदीखतावर वाडीच्या सह्या लागत नाहीत, पण वाडी नको म्हणाली तर झरीवर कळशी टेकवता यायची नाही. गोकुळदासनेच सांगितलं, "बाई, आधी त्यांका विचारा. उपरांत माका."

तुला बोलावते आहे असं समजू नकोस. पण ते घर तुला न सांगता घेतलं असतं तर मला चोरी केल्यासारखं वाटलं असतं.

शहाऐंशीच्या डिसेंबरबद्दल काही लिहीत नाही. कोकणी की मराठी या वादापायी गोव्यात घराघरांत जे झालं ते आपल्या खोलीतही झालं. दोन्ही बाजूंनी पुष्कळ झालं.

सुलोचना


साखळी, २७ डिसेंबर १९८८

प्रभा,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते, कारण रविवारी जे घडलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

वाडी राष्ट्रोळी देवाच्या घुमटीसमोर बसली होती. आठ घरांतली माणसं आणि मी. गोकुळदास माझी ओळख करून देऊ लागला, तर एक म्हातारी म्हणाली, "ओळख कित्याक? ही इस्कोलातली बाई न्हय?" मला बरं वाटलं. बावीस वर्षांनी ओळखलं म्हणजे आपण काहीतरी ठेवून गेलो होतो, असा माझा समज झाला.

एकेका घराला विचारत गेले. सात घरांनी माना डोलावल्या. आठवं घर भिकाजींचं. साठीचे आहेत, काजूची बाग करतात, सप्त्याला पोथी तेच वाचतात. वाडीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. ते म्हणाले, "माजी ना."

मला वाटलं, आंदोलनाचा राग असेल. ते कोकणीच्या बाजूचे, मोर्च्याला पणजीपर्यंत जाऊन आलेले, असं मी ऐकून होते. मी म्हटलं, "तो वाद आता संपला. कायदा झाला, राज्यही झालं. मी इथे भाषणं करायला येत नाही."

"बाई, तो वाद पणजेचो," ते म्हणाले. "माजो वाद तुमच्याकडेन."

आणि त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. सहासष्ट सालचा उन्हाळा. त्यांची मुलगी पद्मावती आठ वर्षांची, पहिलीत. तिने वर्गात उठून विचारलं, "बाई, उदक पिवंक वचूं?" बाई म्हणाल्या, पाणी म्हण. ती परत म्हणाली, उदक. बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पाणी म्हणेपर्यंत. ती शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. म्हटलं नाही. तशीच तहानलेली डोंगर चढून घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली नाही. आजही तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

"दुसरी बाई दोन फावट घरा आयली तिका व्हरपाक," भिकाजी म्हणाले. "तुमी येवंक नात."

प्रभा, मला ती मुलगी आठवत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. रविवारपासून आठवायचा प्रयत्न करते आहे. पाठमोरं पोर भिंतीशी उभं, हे चित्र मनात येतं, पण ते एका पोराचं नाही, अनेकांचं आहे. तू दोनदा डोंगर चढून गेलीस तेही मला माहीत नव्हतं. सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तू सांगितलं नसशील.

मी उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि उतरून आले. गोकुळदास खालपर्यंत सोबत आला. त्याने दुसरं घर सुचवलं, इब्रामपुरात, सडकेला लागून. मी नको म्हटलं.

सुलोचना


रुमडवाडी, ५ फेब्रुवारी १९८९

प्रभा,

गावाचं नाव बघून तू बुचकळ्यात पडशील. मीही अजून पडलेलीच आहे.

संक्रांतीनंतर गोकुळदास साखळीला आला. म्हणाला, वाडीने परत बोलावलंय. मी पुन्हा डोंगर चढले. या वेळी घुमटीसमोर एक बाई उभी होती. उंच, काळीसावळी, कमरेला कोयती. "हांव पद्मावती," ती म्हणाली. तिचा नवरा खाणीवर ट्रक चालवतो आणि शनिवारी येतो. ती वडिलांपाशीच राहते. बंद घराच्या शेजारचं घर त्यांचंच.

मी माफी मागायला तोंड उघडलं. सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून आणली होती. तिने हात आडवा केला. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, बंद घराच्या बगलेक रावपाक माका भंय दिसता. सोरोप येतत, कोले येतत. थंय दिवो पेटलेलो बरो. बाईक घर दिया."

"तुका चलता?" भिकाजींनी विचारलं.

"चलता म्हणूंक ना. दिया म्हटलें."

एवढंच. भिकाजींनी माझ्या हातावर नारळ ठेवला. पेडण्याला जाऊन खरेदीखत झालं आणि गेल्या सोमवारी मी सामान घेऊन आले. साखळीहून टेंपो डोंगराच्या पायथ्यापर्यंत आला. मी डोक्यावर घेण्यासारख्या चार वस्तू बाजूला काढत होते, तेवढ्यात वरून माणसं उतरताना दिसली. कुणी बोलावलं नव्हतं. आठ घरांतून माणसं आली होती. कपाट खांद्यावर घेऊन ते त्या वाटेने असे चढले की मीच मागे पडले. दोन्ही खाटा वर आल्या. दुसरी कुणासाठी, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

संध्याकाळच्या आत चुलीत विस्तव होता. कुणी तांदूळ आणून ठेवले, कुणी आठळ्या, कुणी कोकमाचं आगळ. मी कुणाला काय द्यावं ते मला सुचेना. आयुष्यभर मी लोकांच्या दारात जाऊन त्यांना काहीतरी शिकवत आले, प्रभा. काही न शिकवता कुणाकडून एवढं घ्यायची मला सवय नाही. संकोचाने मान वर होईना. मग हळूहळू झाली.

पद्मावतीला मी चार दिवसांनी म्हटलं, तुझी इच्छा असेल तर मी तुला अक्षर शिकवीन, रोज थोडं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका नाका, बाई. आतां कित्याक?" आणि तांबड्या भाजीची जुडी माझ्यापुढे ठेवून निघून गेली.

आणखी एक लिहायचं होतं, पण आज नको.

सुलोचना


रुमडवाडी, १९ मार्च १९८९

सौजन्यशील प्रभावतीबाईंस,

हे अक्षर बाईंचे नव्हे. मी भिकाजी लिहीत आहे. बाईंचा उजवा हात मनगटात मोडला असून प्लास्टरात आहे. चिंता नसावी. त्या सांगतात तसे लिहितो.

प्रभा, मी झरीवर पाय घसरून पडले. सकाळची वेळ होती, एकटीच होते. पाय मुरगळला आणि मनगट खडकावर आपटले. उठता येईना. हाक मारली तर आवाज निघेना. अशी किती वेळ पडले होते कोण जाणे. मग पद्मावती कळशी घेऊन आली. तिने मला टेकवून बसवले आणि पहिला प्रश्न केला, "उदक जाय?"

मी म्हटले, "जाय. उदक दी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओंजळीने पाजले.

त्यांनी मला वेताच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून, बांबू बांधून, डोंगर उतरवला. चार पुरुष आणि बदलीला चार. भिकाजी स्वतः एका खांद्याला होते. (हे लिहू नका असे मी म्हटले. बाई म्हणाल्या, लिहा. — भि.) खालून जीप करून म्हापशाला इस्पितळात नेले. तेव्हापासून पंधरा दिवस पद्मावती माझी वेणी घालते, आंघोळ घालते, पेज भरवते. आठ घरांनी जेवणाचे वार वाटून घेतले आहेत. मी कोणाची कोण?

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर तीन पत्रांत टाळले. हात मोडल्यामुळे ते दुसऱ्याच्या तोंडावर सांगावे लागत आहे. बहुधा तेच योग्य आहे. भिकाजी, तुम्ही लिहीत राहा.

शहाऐंशीच्या डिसेंबरात ज्या दिवशी रस्त्यावर झाडे पाडून वाहतूक बंद केली होती, त्या दिवशी बस नव्हती म्हणून तू अकरा मुलांना पायी त्यांच्या गावी पोचवलेस. मी खिडकीतून तुम्हाला जाताना पाहिले होते. दुसऱ्या आठवड्यात तुझ्याविरुद्ध खात्याकडे तक्रार गेली की या शिक्षिकेने शाळेच्या वेळेत मुलांना आंदोलनात नेले. त्यावरून चौकशी झाली, मुख्याध्यापिकेची तुझी पाळी गेली आणि ऐन वर्षात तुझी वास्कोला बदली झाली.

ती तक्रार मी लिहिली. सही दुसऱ्यांची होती. मजकूर माझा आणि अक्षर माझे. ते खोटे आहे हे मला लिहिताना माहीत होते. मला वाटत होते की मी भाषेसाठी लिहीत आहे. खरे असे की त्याच्या आदल्या रात्री तू मला म्हणाली होतीस, "सुलू, वीस वर्षे माझ्या मुलखात राहून तू माझी बोली एकदाही तोंडात घेतली नाहीस." त्याचा राग होता. तू सामान बांधत असताना मी तुला दोरी आणून दिली. पहिल्या पत्रात मी लिहिले की दोन्ही बाजूंनी पुष्कळ झाले. ते खोटे होते. एकाच बाजूने झाले.

क्षमा माग असे कोणी मला सांगितलेले नाही. मागते. उत्तर दे असा आग्रह नाही.

(बाईंचे येथे संपले. आता माझे दोन शब्द. ही तक्रारीची गोष्ट लिहिताना मी लेखणी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन आलो. तुम्ही त्या दुसऱ्या बाई, ज्या माझ्या घरी दोनदा आल्या होत्या. तेव्हा मी तुम्हांस पाणीसुद्धा विचारले नाही, मुलीला जे झाले त्या रागापोटी. याची मला लाज आहे. मी कोकणीचा माणूस. पण लहानपणी देवळाच्या मंडपात एका मास्तरांनी मला मराठी लिहायला शिकवले. कोकणीत पत्र लिहायला कोणी शिकवले नाही, म्हणून हे मराठीत. मी परत आत आलो तेव्हा बाई तशाच बसून होत्या. म्हणाल्या, भिकाजी, नारळ परत हवा असेल तर न्या. मी म्हटले, दिलेला नारळ कोणी परत नेत नाही, पुढची ओळ सांगा. आपला, भिकाजी.)


रुमडवाडी, २३ एप्रिल १९८९

प्रभा,

प्लास्टर निघालं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतंय, चालवून घे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोदेर पाव घेऊन पायथ्यापर्यंत येतो, त्याच्याकडे टपालवाल्याने दिलं होतं. पद्मावतीने पावांबरोबर वर आणलं. मी ते चुलीपाशी बसून वाचलं, मग सोप्यावर येऊन वाचलं. कोकणीत आहे. भिकाजींना विचारावं लागलं नाही, एकही शब्द अडला नाही. पंचवीस वर्षं कानावर पडत होती ती भाषा. मीच न कळल्यासारखं करत होते.

तू लिहितेस, "अक्षर तुजें तें माका पयल्याच दिसा कळिल्लें. चौकशेच्या वेळार कागद माज्या मुखार दवरलो. तुज्या हातचो 'क्ष' हांव न्हिदेंतूय वळखतलें."

म्हणजे माझा 'क्ष' झोपेतही ओळखणाऱ्या तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीत तू ते बोलली नाहीस. घरी येऊन माझ्या हातचं जेवलीस. मी दोरी दिली ती घेतलीस आणि बसमध्ये बसलीस. दोन वर्षं तू वाट पाहिलीस, मी सांगते का ते बघायला. मी पहिलं पत्र पाठवलं त्यात घराची कौलं होती, पूर्वेचं जनेल होतं, ताक होतं. ते वाचून तुला काय वाटलं असेल, याचा विचार करताना माझी मान खाली जाते. म्हणून उत्तर आलं नव्हतं. आता कळलं.

तुझ्या पत्रात माफीचा शब्द नाही. बरं केलंस. खोटा लिहिला असतास तर मला तोही कळला असता. पण शेवटी लिहिलंस, मे महिन्यात सुट्टीला येईन, किती दिवस राहीन ते सांगत नाही. एवढं मला खूप झालं. भिकाजींना सांगितलं तर त्यांनी घराकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "कौलां पावसाच्या आदीं जावंक जाय. उतर दिल्ल्या मनशाचेर उदक गळल्लें बरें न्हय." शब्द दिलेल्या माणसावर पाणी गळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि आणखी तिघे छपरावर होते.

येण्याचं सांगते. वास्कोहून पणजी, तिथे फेरीने मांडवी पार कर, पडलेला पूल अजून व्हायचाय. म्हापशाहून इब्रामपूरची बस दुपारी सुटते. शेवटच्या थांब्यावर उतर. पद्मावती उभी असेल.

सुलोचना


रुमडवाडी, १४ जून १९८९

प्रभा,

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. शाळा सुरू झाली असेल. तुझ्या नव्या पहिलीत किती मुलं आहेत?

तू इथे होतीस तेव्हा बोलता न आलेलं आता लिहिते. बोलायला बसले की तू विषय बदलत होतीस, आणि ते तुझ्या हक्काचंच होतं.

बसमधून उतरताना तू मला शोधलंस की नाही मला माहीत नाही, पण मी वाटेच्या पहिल्या वळणावरच उभी होते. खाली यायचं धाडस झालं नाही. पद्मावतीने तुझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "तूं आमगेर दोन फावट आयिल्लें." तू तिथेच थांबलीस. "तूं पद्मा?" म्हणालीस. मग तुम्ही दोघी हसत वर येत होता आणि मी झाडामागे, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. मला पाहून तू हसणं थांबवलंस. तेही मी पाहिलं.

पहिले तीन दिवस तू माझ्याशी जेवणापुरतंच बोललीस. मीठ दे, सोलकढी बरी झाली. तू आणलेल्या मानकुराद आंब्यांची वाटणी मात्र तूच केलीस आणि मला सगळ्यांत मोठा दिलास. तो देताना माझ्याकडे पाहिलं नाहीस.

चौथ्या दिवशी सकाळी तू सुरुवात केलीस. वास्कोच्या खोलीची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या लाल धुळीची, तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या मुख्याध्यापिकेची. तुझ्या आईने शेवटपर्यंत विचारलं, तुझ्याकडून असं काय घडलं म्हणून, आणि तू तिला काही सांगू शकली नाहीस. हे मला माहीत नव्हतं. तू बोलत होतीस आणि मी तांदूळ निवडत होते. शेवटी तू ओरडलीस, "कितें तरी उलय, सुलू." मी म्हटलं, "आज तुझी पाळी आहे. मी दोन वर्षं पुरेसं गप्प राहिले आहे, आणखी थोडं राहते." त्यावर तू रडलीस. मग मीही. पद्मावती ताक घेऊन दारापर्यंत आली होती. तिने लोटा उंबऱ्यावर ठेवला आणि परत गेली.

नंतरचे दिवस बरे गेले, नाही? आपण काजूच्या रानात बोंडू वेचायला गेलो, तुझ्या साडीला डाग पडले. तू भिकाजींशी वाद घातलास की कोकणीत पत्र कसं लिहायचं ते माणसाने साठाव्या वर्षीही शिकावं, आणि ते तुझ्यापुढे पाटी घेऊन बसले. त्यांना शिकताना बघून पद्मावती त्यांच्या मागे उभी राहायची. बसली नाही कधी. मीही तिला बस म्हटलं नाही. परवा तिने अंगणातल्या मातीत काठीने काहीतरी ओढलं होतं. मी न बघितल्यासारखं करून झरीवर गेले. ते अक्षर होतं की कोंबड्यांना हाकलताना पडलेली रेघ होती, मला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही.

तू निघण्याच्या आदल्या दिवशी मी विचारलं होतं, राग गेला का. तू म्हणालीस, "ना. पूण राग धरून वास्कोंत रावचें काय हांगा रावचें, हांगा वारो बरो आसा." प्रभा, या वाक्याने मला जे दिलं ते कुणाच्या माफीने दिलं नसतं. तुझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. तोवर चतुर्थीला ये, दिवाळीला ये, मे महिन्यात ये. आलीस की राग घेऊनच ये, त्यालाही इथे जागा आहे. पूर्वेची खोली तुझी, हे तू न विचारता ठरवून टाकलंस. ते मला फार आवडलं.

इथे पाऊस लागलाय. छपरातून एक थेंबही गळला नाही. मी कुणाकुणाचे आभार मानू, याचा रोज सकाळी हिशेब चुकतो: डोंगर उतरवणाऱ्या खांद्यांचे, वार वाटून घेणाऱ्या चुलींचे, एका बाईने दिव्यासाठी म्हणून टाकलेल्या शब्दाचे. आणि तुझे, चौकशीच्या टेबलापाशी गप्प बसल्याबद्दल नव्हे, तर चौथ्या दिवशी गप्प न बसल्याबद्दल.

वाटेवर निरोप घेताना तू सांगितलंस की पुढच्या पत्रात कोकणी नसेल तर उत्तर देणार नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे, जन्मात कधी लिहिली नाही. भिकाजींना विचारायचं नाही असं ठरवलंय. तेव्हा जमेल तसं घे:

प्रभा, तूं आयली, माका खूब बरें दिसलें. घर तुजेंय आसा. जनेल उगडें दवरलां. पावस उणो जातकच यो. जें चुकलां तें तांबडे शायेन सारकें कर आनी हो कागद माका परतो धाड.

सुलू